अपडेट कुणाचं घ्यायचं?

फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो भारतात आला आणि पुढचे काही महिने तो फोन मिळवणं हीच एक स्पर्धा होऊन बसली. ऑनलाइन विक्री सुरू होताच माल संपायचा. किंमत चौदा हजारांच्या आतबाहेर, बॅटरी दांडगी, चिप ताकदीची. आला तेव्हा त्यात अँड्रॉइड ७ होतं. कंपनीने पुढे ८ दिलं, मग ९ दिलं आणि तिथेच हात आखडता घेतला. फोन मात्र ठणठणीत होते. मग जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी त्याच फोनसाठी अँड्रॉइड १०, ११, १२ तयार करून फुकट वाटलं. कंपनीने सोडून दिलेला फोन त्यांच्या जिवावर आणखी काही वर्षं नव्यासारखा चालला.

एवढं ऐकून कुणालाही वाटेल, की कंपन्या लबाड आणि हौशी मंडळी उदार. पण याच फोनची दुसरी गोष्टही आहे. २०१८ च्या मध्यावर कंपनीने एका अपडेटबरोबर त्यात एक नवं कुलूप घातलं. एकदा पुढच्या आवृत्तीवर गेलात की मागच्या आवृत्तीवर परत यायचं नाही, असा त्याचा अर्थ. ज्यांना नवं रूप आवडलं नाही, त्यांतल्या काहींनी फोन संगणकाला जोडून जुनी आवृत्ती परत टाकली आणि फोन जागच्या जागी डेड झाला. पडद्यावर काही उमटेना, बटणं दाबून काही होईना. टाकलेली फाइल कंपनीचीच होती, खरी होती. तरीही फोन गेला. त्याला जिवंत करायला कंपनीच्या अधिकृत खात्याची परवानगी लागायची, म्हणजे सर्व्हिस सेंटरची पायरी चढणं आलं.

तेव्हा ‘कंपनीचं ते चांगलं, बाहेरचं ते वाईट’ हे सूत्र घेऊन बसलं तर फसायला होतं, आणि त्याच्या उलट सूत्र घेतलं तरी फसायला होतं. माझ्या मते विचारायचे प्रश्न दोनच: या फाइलवर सही कुणाची आहे? आणि काही बिघडलं तर निस्तरणार कोण?

हे प्रश्न नीट विचारता यावेत म्हणून आधी अपडेट आपल्यापर्यंत येतं कसं ते पाहू. अँड्रॉइडची नवी आवृत्ती गुगलकडून निघते ती थेट आपल्या खिशात येत नाही. आधी ती चिप बनवणाऱ्याकडे, म्हणजे क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारख्या कंपनीकडे जाते. कॅमेरा, ग्राफिक्स, मोडेम चालवणारे ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळवून देण्याचं काम त्यांचं. मग फोन कंपनी त्यावर आपला साज चढवते, आपली ॲप घालते, देशोदेशीच्या नेटवर्कवर चाचण्या घेते. या साखळीतली एक कडी निखळली की पुढचं सगळं अडतं. गॅलक्सी नेक्सस हा तर गुगलने स्वतःच्या नावाने आणलेला फोन. तो २०११ चा. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ आलं तेव्हा जेमतेम दोन वर्षांच्या त्या फोनला ते मिळालं नाही. गुगलने अपडेटची मुदत संपल्याचं सांगितलं. शिवाय त्यातली चिप बनवणारी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स तोवर मोबाइल चिपच्या धंद्यातून बाहेर पडली होती. खुद्द गुगलच्या फोनची ही गत, मग बाकीच्यांचं विचारायलाच नको.

२०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून गुगलने चिपशी बोलणारा भाग आणि वरचा अँड्रॉइडचा भाग वेगवेगळे केले. या योजनेचं नाव प्रोजेक्ट ट्रेबल. त्यामुळे दर वेळी सगळं पायापासून बांधावं लागत नाही. गंमत अशी, की या सोयीचा फायदा कंपन्यांइतकाच हौशी मंडळींनाही झाला.

‘अपडेट’ या एकाच नावाखाली आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे नवी आवृत्ती: नवे रंग, नवी चिन्हं, दोन-चार सोयी. ती मिळाली नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. दुसरी म्हणजे सुरक्षेची डागडुजी. तिची गरज किती मोठी आहे ते जगाला जुलै २०१५ मध्ये कळलं. झिम्पेरियम या कंपनीच्या जोशुआ ड्रेक या संशोधकाने अँड्रॉइडच्या ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भागात एक भोक शोधून काढलं. फोन नंबर ठाऊक असला की एक खास तयार केलेला चित्रफितीचा मेसेज धाडायचा. तो मालकाने उघडण्याआधीच फोनमध्ये शिरकाव करता येत होता. सुमारे ९५ कोटी फोन या धोक्याखाली असल्याचा अंदाज त्या कंपनीने दिला होता. त्या धक्क्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गुगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्यांची यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ती प्रथा आजही चालू आहे.

आपल्या फोनवर यांतलं काय पोहोचलं आहे ते सेटिंग्जमध्ये, फोनविषयीच्या माहितीत, अँड्रॉइड आवृत्तीवर बोट ठेवलं की दिसतं. तिथे ‘सुरक्षा अपडेट’च्या पुढे एक तारीख असते. तिच्यात एक बारकावा आहे. तारीख महिन्याची १ असेल तर अँड्रॉइडच्या वरच्या भागातल्या दुरुस्त्या आल्या आहेत. ५ असेल तर त्यांच्यासह खालच्या, कर्नल आणि चिपच्या भागातल्याही आल्या आहेत. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

अर्थात छापलेल्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही नाही. एप्रिल २०१८ मध्ये बर्लिनच्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्जचे कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी १,२०० फोनांच्या सॉफ्टवेअरची तपासणी करून दाखवून दिलं, की काही कंपन्या तारीख पुढची लावतात, पण त्या तारखेपर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्या आत घातलेल्याच नसतात. कंपनीच्या शिक्क्याचं अपडेटही अर्धंमुर्धं असू शकतं, ते असं.

आता सहीकडे येऊ. कंपनी जे अपडेट पाठवते त्यावर तिची डिजिटल सही असते. ही सही करणारी गुप्त किल्ली कंपनीच्या तिजोरीत, आणि ती सही ओळखणारी उघड किल्ली तुमच्या फोनच्या पोटात. फोन सुरू करताना सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. तो ही सही तपासतो, आणि जुळली नाही तर पुढे सरकत नाही. जुन्या काळी खलित्यावरची लाखेची मोहोर फुटली आहे का ते पाहून मगच तो वाचत, तसंच हे.

बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायचं तर बूटलोडरचा हा पहारा उठवावा लागतो. त्याला ‘बूटलोडर अनलॉक करणं’ म्हणतात. अनलॉक होताना फोन आतला सगळा डेटा पुसून टाकतो. अनेकांना हा जाच वाटतो, पण तो तुमच्या भल्यासाठी आहे. नाहीतर चोरलेला फोन अनलॉक करून कुणीही तुमचे फोटो वाचले असते. पुढे फोन दर वेळी चालू करताना पडद्यावर इशारा येतो, की या फोनची खात्री देता येत नाही. तो इशारा खरा असतो. पहारा उठलेला फोन कुणाच्या हाती काही मिनिटं लागला तर तो त्यात हवं ते घालू शकतो.

कंपन्यांच्या तऱ्हाही निरनिराळ्या. शाओमीने अनलॉकसाठी अर्ज करून थांबायला लावण्याची पद्धत आणली. अनेक फोनांवर ही प्रतीक्षा १६८ तासांची, म्हणजे पूर्ण आठवड्याची असायची. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत ‘नॉक्स’ नावाचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. परकं सॉफ्टवेअर एकदा टाकलं की तो कायमचा उडतो. नंतर कंपनीचंच सॉफ्टवेअर परत टाकलं तरी तो जोडला जात नाही, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनला पुन्हा मिळत नाहीत. ॲपलने हा प्रश्नच ठेवला नाही: कुठली आवृत्ती टाकता येईल हे त्यांचे सर्व्हर ठरवतात आणि जुन्या आवृत्तीवर सही करणं ते काही दिवसांत थांबवतात.

इतका त्रास घेऊन लोक बाहेरचं सॉफ्टवेअर का टाकत होते? मराठी वाचकाला याचं एक उत्तर आपल्याच अनुभवात सापडेल. २०१० च्या आसपास अँड्रॉइड फोनवर मराठी बातमी उघडली की ओळीच्या ओळी चौकोनच चौकोन दिसायचे, कारण फोनमध्ये देवनागरी नव्हतीच. त्यावर ऑपेरा मिनी ब्राउझरमधली एक आडबाजूची सेटिंग कानोकानी पसरली होती: जटिल लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरण्याची. ती चालू केली की मजकूर चित्र बनून यायचा आणि वाचता यायचा. ज्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं ते फोन रूट करून, म्हणजे त्याच्या आतल्या भागावर पूर्ण ताबा मिळवून, आत देवनागरी फॉन्ट घालत. मग अक्षरं दिसत, पण पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरं हलंत घेऊन सुटी सुटी उभी राहत. अँड्रॉइड ४ च्या काळात देवनागरी नीट दिसू लागली आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये फोनची भाषा म्हणून मराठी अधिकृतपणे आली. मधल्या काळात ज्यांनी रूट केलं ते हौसेपोटी नव्हे, गरजेपोटी.

या हौशी जगाचा मोठा वाडा म्हणजे सायनोजेनमॉड. स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकी प्रोग्रामरने २००९ मध्ये पहिल्यावहिल्या अँड्रॉइड फोनसाठी ते सुरू केलं. सप्टेंबर २००९ मध्येच गुगलची नोटीस आली: अँड्रॉइड मुक्त असलं तरी जीमेल, नकाशे, मार्केट ही ॲप आमची आहेत, ती वाटू नका. तेव्हापासून असं सॉफ्टवेअर गुगलच्या ॲपशिवाय येतं आणि ती वेगळी घालावी लागतात. बाकी या मंडळींनी केलेल्या कितीतरी गोष्टी पुढे राजरोस झाल्या. कुठल्या ॲपला संपर्कयादी दाखवायची आणि कुठल्याला नाही, हे ठरवण्याची सोय सायनोजेनमॉडने २०१३ मध्ये दिली; अँड्रॉइडमध्ये ती २०१५ ला, आवृत्ती ६ मध्ये आली. आणि शाओमी? पुढे बूटलोडर अनलॉक करणाऱ्याला आठवडाभर ताटकळत ठेवलेल्या या कंपनीचं पहिलं उत्पादन, २०१० सालचं एमआययूआय, हे दुसऱ्यांच्या फोनवर टाकायचं बाहेरचं सॉफ्टवेअरच होतं. तिचा स्वतःचा फोन आला तो त्यानंतर वर्षभराने.

सायनोजेनमॉडचं पुढे जे झालं त्यात भारताचाही एक अंक आहे. २०१३ मध्ये त्याची कंपनी झाली. २०१४ चा वनप्लस वन हा फोन तिचंच सॉफ्टवेअर घेऊन आला. पण भारतातले एकमेव हक्क कंपनीने मायक्रोमॅक्सला दिले आणि मायक्रोमॅक्सने त्यासाठी ‘यू’ हा ब्रँड काढून युरेका हा फोन आणला. डिसेंबर २०१४ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, वनप्लसच्या विक्रीवर मनाई आली आणि त्याच महिन्यात खंडपीठाने ती उठवली. फुकट वाटण्यासाठी जन्मलेलं सॉफ्टवेअर पाच वर्षांत कोर्टाची पायरी चढलं. कंपनी फार टिकली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तिने महिनाअखेरीस सगळ्या सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. मूळ स्वयंसेवकांनी तोच कोड उचलून लिनिएजओएस या नावाने काम पुढे चालू ठेवलं. ते आजही चालू आहे. कंपनी बुडाली पण कोड उरला. फोन कंपनी बुडते तेव्हा बहुधा काहीच उरत नाही.

जिओ आलं तेव्हा या सॉफ्टवेअरची एक उणीव भारतात ठळकपणे दिसली. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेलं जिओचं नेटवर्क निव्वळ ४जी होतं. त्यावर साधा फोन करायलाही व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच बोलणं नेणारं तंत्र, लागायचं. व्होल्टीचा बराचसा भाग कंपन्यांच्या बंद, गुप्त कोडमध्ये असल्याने बाहेरच्या अनेक सॉफ्टवेअरांत ते चालतच नव्हतं. अशा फोनवर इंटरनेट भरधाव आणि फोन लागेना, अशी अवस्था व्हायची. मग जिओच्या वेगळ्या ॲपमधून बोलायचं. चित्रपटाचा पडदा मोठा आणि आवाज गायब, अशातली गत.

हौशी मंडळींचे हात जिथे पोहोचत नाहीत असा हा भाग फक्त व्होल्टीपुरता नाही. मोडेमचं आतलं सॉफ्टवेअर, चिपमधला सुरक्षित कप्पा, कॅमेऱ्याचे ड्रायव्हर हे सगळं बंद असतं. कंपनीने शेवटचं दिलं तेच पुढेही वापरावं लागतं. म्हणून लिनिएजओएस सुरक्षेच्या दोन तारखा वेगळ्या दाखवतं: अँड्रॉइडची एक आणि चिप-फोन कंपनीच्या भागाची दुसरी. वरची तारीख गेल्या महिन्याची आणि खालची पाच वर्षांपूर्वीची, असं चित्र जुन्या फोनवर सर्रास दिसतं. वर सांगितलेला ५ तारखेचा मुद्दा इथे लागू होतो. नवं अँड्रॉइड टाकलं म्हणजे फोन आतून-बाहेरून सुरक्षित झाला, हा समज अर्धाच खरा आहे. पण प्रामाणिकपणा पाहा: हे ते स्वतःच पडद्यावर सांगतात.

हौशी जगातही अधिकृत-अनधिकृत हा भेद आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. लिनिएजओएसच्या यादीतल्या प्रत्येक फोनसाठी कुणीतरी जबाबदार स्वयंसेवक असतो, फाइल प्रकल्पाच्या सर्व्हरवर तयार होते आणि प्रकल्पाच्या किल्लीने सही होते. मे २०२० मध्ये त्यांच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली, पण सहीच्या किल्ल्या वेगळ्या ठेवलेल्या असल्याने त्या बचावल्या. याउलट कुणा एकट्यादुकट्याने घरच्या संगणकावर बनवलेल्या कितीतरी फाइलींवर अँड्रॉइडच्या मूळ कोडबरोबर येणाऱ्या चाचणीच्या किल्लीची सही असते. ती किल्ली जगजाहीर आहे. ती सही असली काय आणि नसली काय, सारखंच.

कंपन्यांची सही तरी अभेद्य आहे का? डिसेंबर २०२२ मध्ये गुगलच्या एका संशोधकाने उघड केलं, की सॅमसंग, एलजी आणि मीडियाटेक यांच्या सहीच्या काही किल्ल्या बाहेर फुटल्या होत्या आणि त्यांनी सही केलेली घातक ॲप सापडली होती. नोव्हेंबर २०१६ चं प्रकरण तर याहून संतापजनक. क्रिप्टोवायर या संस्थेला आढळलं, की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्लू कंपनीच्या स्वस्त फोनांत अपडेट पोहोचवणारं जे सॉफ्टवेअर होतं, शांघायच्या ॲडअप्स कंपनीचं, तेच दर ७२ तासांनी लोकांचे मेसेज चीनमधल्या सर्व्हरला धाडत होतं. अपडेट आणणारी वाटच हेरगिरीची. रूट नाही, अनलॉक नाही, खोक्यातून काढलेला नवाकोरा फोन.

मग तरीही मी बँकेचे व्यवहार करायच्या फोनसाठी कंपनीच्याच अपडेटच्या बाजूने का? दुसऱ्या प्रश्नामुळे: बिघडलं तर निस्तरणार कोण? डिसेंबर २०२० च्या अखेरीस शाओमीने मी ए३ या फोनला अँड्रॉइड ११ दिलं आणि कित्येक फोन डेड झाले. चूक सरळसरळ कंपनीची. पण बोभाटा झाला, कंपनीने अपडेट थांबवलं आणि वॉरंटी संपलेली असली तरी फोन फुकट दुरुस्त करून देण्याचं भारतातल्या ग्राहकांना कळवलं. दाद मागायला दार होतं. स्वयंसेवकाकडे असं दार नसतं, आणि त्याच्याकडे ते मागणंही रास्त नाही. तो फुकट काम करतो आहे.

आणि दुसरं कारण पैशाचं. आपल्याकडे भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सगळं यूपीआयवर आलं आहे. बँकांची अनेक ॲप रूट केलेल्या किंवा पहारा उठवलेल्या फोनवर चालायला नकार देतात. त्यासाठी ती गुगलच्या ‘प्ले इंटेग्रिटी’ या तपासणीचा आधार घेतात. आधी सेफ्टीनेट होतं, त्याची जागा हिने घेतली. ही तपासणी चुकवायचे उपाय निघतात, गुगल ते बंद करतं, पुन्हा नवे निघतात. उंदरा-मांजराचा हा खेळ ज्यांना आवडतो त्यांनी तो जरूर खेळावा; जॉन वू या तरुणाने २०१६ मध्ये लिहिलेलं मॅजिस्क हे रूटचं साधन तर इतकं चोख होतं, की २०२१ मध्ये गुगलने त्यालाच अँड्रॉइडच्या सुरक्षेवर काम करायला घेतलं. पण ज्या फोनवर पगार जमा झाल्याचा मेसेज येतो त्यावर हा खेळ नको. एखाद्या सकाळी ॲप उघडायचं बंद होतं, आणि नेमकं तेव्हा रुग्णालयाच्या खिडकीशी उभं असण्याची वेळ येऊ शकते. सिनेमाच्या ॲपचंही तसंच: अनलॉक केल्यावर वाइडवाइन या संरक्षणाची पातळी बऱ्याच फोनांत खाली येते आणि चित्र अंधूक दिसू लागतं. ते एक वेळ सोसता येईल.

यात एक नवा पेच आला आहे तो लक्षात ठेवा. प्ले इंटेग्रिटीच्या सर्वांत कडक पातळीसाठी अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या फोनला गेल्या १२ महिन्यांतलं सुरक्षा अपडेट असणं २०२५ पासून आवश्यक झालं. म्हणजे ज्याने फोनला हातही लावला नाही, पण ज्याच्या कंपनीने अपडेट बंद केली, तोही या कसोटीत नापास. एखाद्या ॲपने ही पातळी मागितली तर त्याच्यापुढे पर्याय उरत नाही.

यापलीकडे एक तिसरा वर्ग आहे, ज्याच्याकडे ना कंपनीचा शिक्का ना प्रकल्पाची सही. फोन नुसत्या लोगोवर अडकला की आपण बाजारातल्या दुकानात जातो आणि तिथला मुलगा म्हणतो, ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ मारतो म्हणजे काय करतो? संगणकात साठवलेली त्या मॉडेलची फाइल फोनमध्ये घालतो. पहारा शाबूत असेल तर फोन बहुतेक वेळा कंपनीचीच फाइल स्वीकारतो, त्यामुळे काम पुष्कळदा ठीक होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडशेजारी बसलेल्या या कारागिरांनी अगणित फोन वाचवले आहेत. पण दुसऱ्या देशाची किंवा चुकीच्या मॉडेलची फाइल गेली तर फोनचा आयएमईआय क्रमांकच उडू शकतो. काम झाल्यावर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश हे आकडे दाबा आणि पडद्यावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. जुळत नसेल तर तिथेच थांबा. आयएमईआयमध्ये फेरफार करणं हा गुन्हा आहे, आणि उद्या तो फोन तुमच्या नावावर सापडेल.

सर्वांत घातक अपडेट मात्र दुकानातून नव्हे, व्हॉट्सॲपवरून येतं. ‘चलान भरा’, ‘केवायसी अपडेट करा’, ‘बँकेचं नवं ॲप घ्या’ असं म्हणत एक एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल येते. ती घातली की मेसेज वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. २०२१ मध्ये झिम्पेरियमला ‘सिस्टिम अपडेट’ याच नावाचं एक हेरगिरी करणारं ॲप सापडलं होतं. फोनचं अपडेट सेटिंग्जमध्ये येतं, ॲपचं अपडेट प्ले स्टोअरमध्ये येतं. चॅटमध्ये कधीही, कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही बँकेचं अपडेट येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं आहे.

तर करायचं काय? फोनवर बँक असेल आणि कंपनी अजून अपडेट देत असेल, तर महिन्याची सुरक्षा दुरुस्ती आली की लगेच घ्या. मोठ्या आवृत्तीच्या बाबतीत घाई नको. आठ-पंधरा दिवस थांबलात तर मी ए३ सारखा प्रकार दुसऱ्याच्या फोनवर उघडकीस येतो. फोटो आणि चॅटचा बॅकअप आधी घ्या. आणि नवं आवडलं नाही म्हणून जुन्यावर परतायचा विचार मनात आला तर रेडमी नोट ५ प्रोची गोष्ट आठवा.

कंपनीने सोडलेला फोन असेल तर आधी ती सुरक्षेची तारीख पाहा. वर्षाहून जुनी असेल तर बँकेची ॲप आणि ओटीपी येणारं सिम दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या फोनवर हलवा. मग तो जुना फोन मोकळा झाला. लिनिएजओएसच्या यादीत तो असेल आणि सांभाळणारा कुणी असेल तर बिनधास्त टाका. पुस्तकं वाचायला, गाणी ऐकायला, प्रवासात रस्ता दाखवायला तो आणखी काही वर्षं चालेल. ड्रॉवरमध्ये पडून राहण्यापेक्षा ते बरं. यादीत नसेल आणि कुणा अनोळखी माणसाने बनवलेली फाइल तेवढी मिळत असेल, तर त्या फोनमध्ये आपलं गुगल खातंसुद्धा उघडू नका. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अपवाद सांगायला हवा: पिक्सेल फोनसाठी असलेलं ग्राफीनओएस. ते टाकल्यावर बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करता येतो, त्यांच्या सहीनिशी. बाहेरचं सॉफ्टवेअर म्हणजे उघडं दार, हे समीकरण ते मोडून दाखवतं. तरी बँकेचं प्रत्येक ॲप त्यावर चालेलच असं नाही.

खरा निर्णय मात्र फोन घेतानाच होतो. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला ७ वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस२४ ला तेवढीच मुदत दिली, आणि पुढे गॅलक्सी ए१६ सारख्या खालच्या किमतीच्या फोनलाही ६ वर्षं मिळाली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनांना विक्री थांबल्यापासून किमान ५ वर्षं अपडेट देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यामुळे विचारायचं काम आपलं. दुकानात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर बोलणं सुरू होण्याआधी विचारा: या मॉडेलला सुरक्षा अपडेट कुठल्या सालापर्यंत आहेत? ‘येतात हो सगळ्यांना’ हे उत्तर धरू नका. मोजणी फोन बाजारात आला त्या दिवसापासून होते, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही, हेही ध्यानात असू द्या. सवलतीत मिळणाऱ्या दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलची दोन वर्षं आधीच उडालेली असतात. साल सांगता येत नसेल तर फोन काउंटरवरच ठेवा.